नेटवर सापडणाऱ्या अजब गोष्टी: मराठवाड्यातून नेहमी विचारले जाणारे प्रश्न

परभणीत चहाच्या टपरीवर असो की लग्नाच्या पंगतीत, फोन पुढे करून "हे खरं हाय का ओ?" असं विचारणारं कुणीतरी भेटतंच. तेच प्रश्न फिरून फिरून येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली आहेत. कुणी दाखवलं म्हणून मान्य केलं, असं इथे काही नाही. शक्यतो वाचणाऱ्याला स्वतः पडताळता येईल अशाच गोष्टी घेतल्या आहेत. या चाळणीतून फॉरवर्डातला बराचसा माल गळून जातो, आणि जो उरतो तो त्याहून अजब निघतो.

वेरूळचं कैलास लेणं परग्रहावरच्या लोकांनी कोरलं, असा व्हिडिओ सारखा येतो. त्यात काही तथ्य आहे का?

नाही. पण नुसतं नाही म्हणून भागत नाही, कारण व्हिडिओतला हिशोब ऐकायला पक्का वाटतो: चार लाख टन दगड, फक्त अठरा वर्षं, माणसाच्या हातून अशक्य. तर मग हिशोबच करू.

कैलासाचं अंगण साधारण 82 मीटर लांब आणि 46 मीटर रुंद. मागचा कडा तीस मीटर धरा. हा आख्खा ठोकळा 1,13,000 घनमीटरच्या घरात जातो. बेसाल्टचा एक घनमीटर भरतो पावणेतीन ते तीन टन, म्हणजे ठोकळा झाला सव्वातीन लाख टनांचा. त्यातलं मंदिर, हत्ती, स्तंभ जागच्या जागी राहिले आणि डोंगर पुढच्या बाजूला उतरता, म्हणजे काढलेला दगड याहून बराच कमी. दोन लाख टन धरू. अठरा वर्षांत रोजचे तीस टन. दोनशे पाथरवट कामावर असतील तर माणशी दीडशे किलो, म्हणजे पंधरा लिटरच्या तेलाच्या डब्याने मोजला तर साडेतीन डबे दगड. कष्टाचं काम आहे, पण अशक्य त्यात काय आहे?

आणि ही अठरा वर्षं आली कुठून? राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याची कारकीर्द साधारण 756 ते 773. कुणीतरी ती वर्षं मोजली आणि तीच बांधकामाची मुदत म्हणून ठोकून दिली. काम एका राजाच्या काळात सुरू होऊन त्याच काळात संपलं, असं कुठे लिहिलेलं नाही. अभ्यासक तर ते अनेक टप्प्यांत झालं असं मानतात.

बडोद्याला मिळालेल्या कर्कराजाच्या ताम्रपटात (शके 734, म्हणजे 812-13) या देवळाचं वर्णन आहे. विमानातून जाणारे देव ते पाहून थक्क होतात, आणि ज्याने घडवलं तो शिल्पीही "हे माझ्या हातून झालं तरी कसं" म्हणून चकित होतो, असं त्यात म्हटलंय. विमानाचा उल्लेख व्हिडिओवाल्यांच्या हाती लागला तर आणखी दोन भाग काढतील, हे मान्य. पण त्या लेखातला शिल्पी चक्क माणूस आहे आणि स्वतःच्याच कामावर खूश आहे.

वरून खाली का कोरलं, याची आपल्याकडची लोककथा व्हिडिओपेक्षा कितीतरी सरस आहे. राणीने व्रत घेतलं की देवळाचा कळस दिसेपर्यंत अन्न घेणार नाही. सगळे स्थपती गप्प. तेव्हा पैठणचा कोकसा म्हणाला, आठवड्यात कळस दाखवतो, आणि त्याने डोंगराच्या माथ्यापासून काम सुरू केलं.

स्वतः पाहायचं असेल तर मोठ्या कैलासाची गर्दी सोडून 30 नंबरच्या जैन लेण्यात, छोट्या कैलासात जा. ते अर्धवट राहिलंय. अजिंठ्याच्या 24 नंबरमध्येही काम मध्येच थांबलंय: काही खांब अजून नुसते ठोकळे, आणि दगडावर छिन्नीचे घाव ओळीने मोजता येतात. काम कसं चालायचं ते तिथे उघडं पडलंय.

गुगलच्या नकाशात आमच्या डोंगरावर एकाखाली एक वळणदार रेषा दिसतात. कुणी म्हणतं जुनं काहीतरी आहे. काय असेल?

बहुतेक सलग समतल चर. बालाघाटाच्या रांगेत, बीड-धाराशिवकडे, जलसंधारणाच्या कामात आणि गावच्या श्रमदानात असे चर किती खोदले गेले त्याला सुमार नाही. समान उंचीवरून जातात म्हणून डोंगराच्या अंगाबरोबर वळतात, आणि वरून पाहिलं की कुणीतरी मुद्दाम नक्षी काढल्यासारखी वाटते. गावातल्या जाणत्या माणसाला विचारा, कोणत्या उन्हाळ्यात खोदले तेही सांगेल.

तुमची शंका मात्र वेडगळ नाही. राजस्थानात जैसलमेरजवळच्या बोहा गावापाशी फ्रान्सच्या दोघा बापलेकांना उपग्रहचित्रं चाळता चाळता जमिनीवर प्रचंड आकृत्या दिसल्या. 2016 मध्ये ते ड्रोन घेऊन तिथे गेले. हेरून ठेवलेल्या काही जागी निघाले झाडं लावायला मारलेले आणि पुढे वाया गेलेले चर, म्हणजे आपलीच गोष्ट. पण बोह्याच्या आकृत्या वेगळ्या निघाल्या. त्यातला एक मळसूत्री वेटोळा सातशे मीटरहून लांब आहे, आणि त्याची एकच रेषा उलगडली तर बारा किलोमीटर भरेल. 2021 मध्ये त्यांचा लेख छापून आला. या आकृत्या कशासाठी काढल्या याचा उलगडा झालेला नाही.

इजिप्तमधलं कामिल विवर असंच 2008 मध्ये गुगल अर्थवर नजरेला पडलं. 45 मीटरचं विवर, पुढे प्रत्यक्ष जाऊन पाहिलं तर आजूबाजूला उल्केचे लोखंडी तुकडे. तेव्हा रेषा दिसली तर आधी कृषी सहायकाला विचारा, मग जगाला.

गायी चरताना उत्तर-दक्षिण उभ्या राहतात म्हणे. आमच्या देवण्या गायी तर वाट्टेल तशा उभ्या असतात.

ही बातमी हवेतली नाही. 2008 मध्ये जर्मन आणि चेक संशोधकांनी गुगल अर्थवरची चित्रं घेऊन जगभरातल्या 308 कुरणांतली 8,510 जनावरं तपासली. चित्रात तोंड कुठलं आणि शेपूट कुठलं ते कळत नव्हतं, म्हणून नुसती पाठीची रेषा मोजली. ती सरासरीने उत्तर-दक्षिण निघाली. पुढच्या वर्षी त्यांनीच लिहिलं की वरून विजेच्या मोठ्या तारा गेल्या असतील तर हा क्रम बिघडतो. मग 2011 मध्ये दुसऱ्या गटाने तपासणी केली, त्यांना असं काहीच सापडलं नाही. दोन्ही बाजूंनी एकमेकांच्या चित्रांत खोट काढली. वाद मिटलेला नाही.

आपल्याकडे हे तपासायचं तर अडचण वेगळीच. देवणी असो की लाल कंधारी, दिवसाचा बराच वेळ दाव्याला. जी गाय खुंट्याभोवती दोन हातांत फिरते ती गव्हाण जिकडे तिकडेच तोंड करणार. दुपारच्या उन्हाला ती सावली बघते, वारं सुटलं की त्याला पाठ देते. गायरानात मोकळी सोडलेली, आसपास विजेची लाइन नाही, चढउतार नाही, अशी जागा अन् अशी गुरं कुणाकडे असतील तर सकाळी फोनमधलं होकायंत्र घेऊन जरूर मोजा. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात ज्वालामुखीच्या त्याच त्या प्रतिकृतीपेक्षा हे केव्हाही चांगलं.

त्याच संशोधकांपैकी काहींनी पुढे कुत्री घेतली. 70 कुत्री, आणि ती शौचाला बसताना तोंड कुठे करतात याच्या 1,893 नोंदी. पृथ्वीचं चुंबकत्व शांत असेल तेव्हा कुत्री उत्तर-दक्षिण बसतात, असा निष्कर्ष निघाला. या कामाला 2014 चं इग नोबेल मिळालं.

हे इग नोबेल काय प्रकरण आहे? आपल्या कुणाला मिळालंय का?

आधी हसू येईल आणि मग विचार करायला लावेल अशा कामाला 1991 पासून हा पुरस्कार देतात. भारताकडे बरेच आहेत. बंगळूरच्या निम्हान्सच्या दोघा डॉक्टरांना 2001 मध्ये मिळाला, शाळकरी पोरं नाकात किती बोटं घालतात याच्या अभ्यासाला. हत्तीच्या कातडीचं क्षेत्रफळ काढायचं सूत्र बसवणाऱ्या केरळच्या दोघांना 2002 मध्ये.

माझ्या मते सगळ्यांत जबरदस्त 2003 चा, शांततेचा. उत्तर प्रदेशात आझमगडकडचे लालबिहारी. चुलत्याच्या घरच्यांनी जमीन लाटण्यासाठी त्यांना सरकारी कागदावर मृत दाखवलं. जिवंत असल्याचं सिद्ध करायला माणसाला 1994 पर्यंत झगडावं लागलं. मधल्या काळात त्यांनी नावापुढे 'मृतक' लावलं, निवडणुका लढवल्या, आणि आपल्यासारख्याच कागदोपत्री मेलेल्यांचा मृतक संघ काढला. सातबाऱ्यावरचं एक नाव दुरुस्त करायला तलाठी कार्यालयाच्या पायऱ्या झिजवलेल्या कुणालाही हा विनोद समजावून सांगावा लागत नाही.

किल्लारीच्या भूकंपाआधीचं गाव नेटवर बघायला मिळतं का?

गुगल अर्थमध्ये टाइमलॅप्स म्हणून सोय आहे. 1984 पासूनची उपग्रहचित्रं वर्षामागून वर्ष पुढे सरकतात. जुनी चित्रं भरड आहेत, एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे तीस मीटर, तेव्हा घर ओळखू येईल ही आशा सोडा. पण तेरणेच्या खोऱ्यावर नजर ठेवून वर्षं पळवली की बदल कळतो.

30 सप्टेंबर 1993, गणपती विसर्जनाची रात्र उलटून पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. त्यानंतर लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतली 52 गावं नव्या जागेवर बसवली गेली. ती आज नेहमीच्या नकाशात जवळून पाहा. सरळ रेघेत रस्ते, काटकोनात गल्ल्या, एकसारखे प्लॉट. मग शेजारच्या, न हललेल्या एखाद्या गावावर या: गढीच्या, मारुतीच्या पाराच्या भोवती वळत गेलेल्या बोळी, एकमेकांना टेकलेले वाडे. मधे एकही पाटी लागत नाही, कुठलं गाव उठवलं आणि कुठलं राहिलं ते रस्त्यांवरूनच ओळखू येतं. नव्या गावांतही लोकांनी पुढे भिंती सरकवल्या, पत्र्याचं छत वाढवलं, गोठा काढला, आणि काटकोन हळूहळू मोडत आणले.

तिथेच असताना जरा वर पैठणकडे जा. नाथसागर कुठल्या वर्षी आटतो आणि कुठल्या वर्षी काठोकाठ भरतो ते ओळीने दिसतं. जालन्याजवळच्या कडवंचीत द्राक्षबागा आणि मधे मधे चमकणारी शेततळी इतकी, की आधी काचा सांडल्यात असं वाटतं.

लाइव्ह कॅमेऱ्यांत पाहण्यासारखं काय आहे? मंदिराचं दर्शन सोडून.

तीन सांगतो.

पहिला, अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोर गावच्या अग्निशमन केंद्रातला बल्ब. 1901 पासून, मधले थोडे खंड सोडले तर, पेटलेला आहे. उजेड म्हणाल तर चार वॉटचा. त्याच्यावर रोखलेले कॅमेरे बिघडले, बदलले, बल्ब तोच आहे. आपल्याकडे सिंगल फेज गेल्यावर हे पान उघडू नये, जीव जळतो.

दुसरा, ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड विद्यापीठात 1927 मध्ये मांडलेला प्रयोग. डांबराच्या जातीचा पदार्थ नरसाळ्यात भरून ठेवलाय, इतका घट्ट की हातोडीने फुटतो, पण तो द्रव आहे आणि गळतो. आजवर नऊ थेंब पडले. सन 2000 चा थेंब पडला तेव्हा नेमका कॅमेरा बिघडला होता. नववा 2014 मध्ये. आपल्याकडचं डांबर एका पावसात वाहून जातं, तेव्हा दोन्हींच्या मधलं एखादं मिश्रण कुणी शोधलं तर बरं होईल.

तिसरा माझा आवडता. नेदरलँड्समधल्या उट्रेख्त शहरात कालव्यावर जुना दरवाजा आहे. वसंतात मासे अंडी घालायला वर निघतात, तेव्हा होड्यांची ये-जा कमी म्हणून दरवाजा बंद असतो आणि मासे बाहेर खोळंबतात. 2021 पासून तिथे पाण्याखाली कॅमेरा लावलाय. जगात कुठूनही पाहणाऱ्याला मासा दिसला की पडद्यावरची बेल दाबायची. बेल पुरेशी वाजली की दरवाजा उघडतात. बहुतेक वेळ नुसतं हिरवट गढूळ पाणी दिसतं. मार्च ते मे या काळात उघडा, एरवी काही नाही.

लाइव्ह कॅमेऱ्याचा सगळा प्रकार मुळात आळसातून सुरू झाला, हेही जाता जाता. 1991 मध्ये केंब्रिजच्या संगणक विभागात कॉफीचं भांडं लांब होतं. जाऊन पाहावं तर रिकामं. म्हणून त्याच्यावर कॅमेरा लावला, 1993 मध्ये तो वेबवर आला. 2001 मध्ये बंद करताना ते फुटकळ भांडं 3,350 पौंडांना विकलं गेलं.

रस्त्याच्या कामात जेसीबीचा दात लागला की आख्ख्या तालुक्याचं नेट जातं. बाहेरच्या देशांतही असं होतं का?

तालुक्याचं काय घेऊन बसलात, देशाचं जातं. मार्च 2011 मध्ये जॉर्जियात 75 वर्षांची एक आजीबाई तांब्याच्या भंगारासाठी जमीन उकरत होती. फावडं केबलला लागलं आणि शेजारच्या आर्मेनियाचं नेट कित्येक तास गुल झालं.

आणि लाइन फारच हळू असेल तर कबुतराचा पर्याय अधिकृतपणे उपलब्ध आहे. इंटरनेटचे नियम लिहिणाऱ्या मंडळींनी 1 एप्रिल 1990 रोजी कबुतराच्या पायाला कागद बांधून डेटा पाठवायची पद्धत गंभीर चेहऱ्याने नोंदवली. नॉर्वेत बर्गेनच्या उत्साही पोरांनी 2001 मध्ये ती खरोखर राबवली: निरोप गेले नऊ, उत्तरं आली चार, एकेका उत्तराला तासभर ते पावणेदोन तास. पुढे 2009 मध्ये दक्षिण आफ्रिकेत एका कंपनीने वैतागून विन्स्टन नावाचं कबुतर चार जीबीचं कार्ड देऊन सोडलं. ते ऐंशी किलोमीटर उडून एक तास आठ मिनिटांत पोचलं. कार्डातला डेटा उतरवून घेईपर्यंत दोन तासांवर वेळ गेला, आणि तेवढ्यात फोनच्या लाइनवरून चार टक्के फाइल आली होती.

शेतात काढलेल्या फोटोची जागा आफ्रिकेजवळच्या समुद्रात दाखवते. फोन बिघडलाय का?

फोन ठीक आहे, त्याला जागा सापडली नाही इतकंच. अक्षांश-रेखांश मिळाले नाहीत की काही ॲप शून्य-शून्य लिहून मोकळी होतात. शून्य अक्षांश आणि शून्य रेखांश गिनीच्या आखातात भेटतात, म्हणून जगभरातला चुकार डेटा तिथे गोळा होतो. गमतीने त्या जागेला नल आयलंड म्हणतात. तिथे बेट नाही, हवामानखात्यांसाठीचा एक तरंगता बोया होता. जीपीएस चालू करून, झाडाखालून बाहेर येऊन, मिनिटभर थांबा आणि पुन्हा फोटो काढा.

नकाशात असलेलं आणि जमिनीवर नसलेलं बेट हवं असेल तर सँडी आयलंड. ऑस्ट्रेलिया आणि न्यू कॅलेडोनियाच्या मधे, गुगलच्या नकाशातही होतं. नोव्हेंबर 2012 मध्ये ऑस्ट्रेलियाचं संशोधन जहाज तिथे पोचलं तेव्हा खाली हजार मीटरहून खोल पाणी लागलं. मग बेट पुसलं.

या सगळ्याचा घरात, शेतात काही उपयोग?

बराचसा नाही, आणि नसला तरी चालतं. पण दोन गोष्टी फोनमध्ये असू द्या. एक, अर्थ नलस्कूल नावाचं पान: जगभरातलं वारं रेघांसारखं वाहताना दिसतं. जूनच्या तोंडाला अरबी समुद्रावर बोट ठेवून पाहा, मोसमी वारं कुठवर जोर धरून आहे ते दिसतं. पेरणी त्यावर ठरवू नका, त्यासाठी परभणीच्या कृषी विद्यापीठाचा सल्ला आहे.

दुसरं दामिनी, पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ॲप. आसपास 20 ते 40 किलोमीटरच्या टप्प्यात वीज पडण्याचा धोका असेल तर सांगतं. वळवाच्या दिवसांत आणि परतीच्या पावसात आपल्याकडे माणसं आणि जनावरं दोन्ही जातात, बरीचशी झाडाखाली थांबल्यामुळे. इशारा आला की बैलं झाडाखालून सोडा आणि घर गाठा.

आमच्या गावाबद्दल नेटवर काहीच नाही. काय करावं?

टाका की मग. परभणी जिल्ह्यात सेलूजवळ वालूरची बारव आहे. पायऱ्या मळसूत्रासारख्या फिरत खाली उतरतात, अशी रचना क्वचितच बघायला मिळते. वर्षानुवर्षं ती गाळाने, कचऱ्याने भरलेली होती. गावकऱ्यांनी साफ केली, फोटो नेटवर गेले, आणि लोक वाट वाकडी करून बघायला यायला लागले. बारवांच्या मागे लागलेल्या हौशी मंडळींनी राज्यभरातल्या शेकडो बारवा नकाशावर टाकल्यात. तुमच्या गावची त्यात नसेल तर तुम्हीच भर घाला. मराठी विकिपीडिया 2003 पासून आहे आणि त्यात कुणालाही लिहिता येतं. ओपन स्ट्रीट मॅपवर जागा टाकायला पैसे पडत नाहीत.

फोटो मे महिन्यात काढा. पाणी उतरलेलं असतं, तळापर्यंतच्या पायऱ्या दिसतात, देवकोष्ठंही उघडी पडतात. ऊन तिरपं असताना, सकाळी नऊच्या आत. एक फोटो वरून, एक तळातून, आणि शिलालेख असेल तर बाजूने बॅटरीचा उजेड पाडून तिसरा. शिलालेखावर पीठ किंवा खडू फासू नका. आणि एकटे उतरू नका, वर कुणाला तरी उभं करा. आग्या मोहोळं तिथे हमखास असतात.